सर्किट जळगावात, लेआउट धुळ्यात : पंप-कंट्रोलरच्या बोर्डाच्या हस्तांतराचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

जळगाव एमआयडीसीतील एका लहान कारखान्यात शेतपंपाचे कंट्रोलर तयार होतात. विहिरीवरची किंवा बोअरवरची मोटर घरबसल्या मोबाइलवरून चालू-बंद करणारा, एखादा फेज गेला तर मोटर जळण्याआधी ती थांबवणारा आणि लाइट परत आल्यावर ठरलेल्या वेळाने आपोआप चालू करणारा हा डबा तापीकाठच्या केळीपट्ट्यात घरोघरी दिसतो. शेतीची थ्री-फेज वीज ठरावीक तासच आणि अनेकदा रात्रीच्या पाळीत मिळत असल्याने या डब्याला मागणी कायम असते. त्याच कारखान्यात ठिबकचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह पाळीपाळीने उघडणारे एक छोटे यंत्रही बनते. कारखान्याची आणि माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील येथे बदलले आहेत. तांत्रिक बाजू मात्र घडली तशीच ठेवली आहे.

सर्किट काढण्याचे काम कारखान्यातील एक इंजिनिअर करतात. बोर्डाचा लेआउट, म्हणजे पार्ट कुठे बसतील आणि त्यांना जोडणारे ट्रॅक कसे जातील याची आखणी, धुळ्यातील एक अनुभवी गृहस्थ घरून करून देतात. कारखान्यात सगळे त्यांना अनुक्रमे ताई आणि अण्णा म्हणतात, म्हणून येथेही तीच नावे वापरली आहेत. अण्णांनी या कामाला सुरुवात केली तेव्हा मायलर फिल्मवर दुप्पट मापात काळी टेप चिकटवून बोर्ड तयार होत असे. ताई सर्किट किकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काढीत, तर अण्णा लेआउट ईगल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करीत. कोरे बोर्ड पुण्याहून येत, पार्ट बसवण्याचे काम नाशिकला होई आणि शेवटची चाचणी जळगावात.

ताई आणि अण्णा यांच्यातला दुवा म्हणजे नेटलिस्टची फाइल. कोणत्या पार्टची कोणती पिन कोणत्या जोडणीत आहे, याची ती साध्या मजकुरातली यादी असते. ताई ती व्हॉट्सअॅपवर पाठवत. अण्णांच्या पुतण्याने लिहिलेली एक छोटी स्क्रिप्ट तिचे ईगलला कळणाऱ्या आज्ञांमध्ये रूपांतर करी आणि उरलेले फोनवर ठरे. जळगाव-धुळे अंतर नव्वदएक किलोमीटरचे आहे. महत्त्वाचा बोर्ड असेल तर अण्णा स्वतः येत. ही पद्धत अनेक वर्षे चालली आणि बऱ्यापैकी चालली, हे नमूद केले पाहिजे. बोर्ड साधे होते, एकट्या माणसाच्या लक्षात राहतील इतकेच पार्ट होते आणि बदल क्वचित होत.

ही स्थिती बदलली ती मोबाइल मॉड्यूलमुळे. जुना कंट्रोलर टू-जी मॉड्यूलवर चालत असे. ज्या कंपनीचे टू-जी जाळेच नाही त्या कंपनीचे सिम त्यात चालत नाही, अशा तक्रारी वाढल्या आणि मालकांनी फोर-जी मॉड्यूल घेण्याचे ठरवले. नव्या मॉड्यूलच्या सिग्नल-पिना १.८ व्होल्टच्या होत्या, तर डबा चालवणारी मुख्य चिप, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, ३.३ व्होल्टचा. मधे व्होल्टेज जुळवणारे ट्रान्झिस्टर आणि त्यांचे रेझिस्टर आले, पार्टांची संख्या वाढली आणि सर्किटच्या आवृत्त्या एकामागून एक निघू लागल्या.

बिघाड कसा दिसला

नव्या कंट्रोलरची पहिली मोठी खेप उन्हाळ्याच्या तोंडावर विक्रेत्यांकडे गेली. काही आठवड्यांत शिरपूर आणि चोपडा भागातून एकाच तऱ्हेचे फोन येऊ लागले. "लाइट शे, पन मोटर चालू व्हस नही," असे सांगणाऱ्या शेतकऱ्याला सर्व्हिसच्या मुलाने दिवसा जाऊन पाहिले की कंट्रोलर अगदी व्यवस्थित चाले. रात्री तोच कंट्रोलर "फेज असंतुलन" दाखवून मोटर बंद करी. मे महिन्यात खानदेशातला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि त्या दिवसांत केळीला पाण्याचा खाडा चालत नाही. त्यामुळे तक्रारींचा सूर लवकरच चढला.

सुरुवातीला सगळ्यांचा संशय लाइनवर गेला, आणि तो अगदीच अवास्तव नव्हता. रात्री भार कमी असताना गावाकडच्या फीडरवर व्होल्टेज चढते. परंतु सर्व्हिसच्या मुलाने एका रात्री स्टार्टरच्या पेटीशी बसून मीटरने तिन्ही फेज मोजले, तेव्हा ते जवळजवळ सारखे निघाले. कंट्रोलरच्या स्क्रीनवर मात्र आर फेज २६६, बी फेज २६४ आणि वाय फेज २३३ व्होल्ट असे आकडे होते. तिन्हींची सरासरी सुमारे २५४ येते आणि वाय फेज तिच्यापेक्षा आठ टक्क्यांहून अधिक खाली राहतो. असंतुलनाची मर्यादा आठ टक्के ठेवलेली होती. म्हणजे कंट्रोलर त्याला दिसत असलेल्या आकड्यांनुसार बरोबरच वागत होता. दुसऱ्या गावी दुसऱ्या डब्यावरही वाय फेज २३३वरच अडकलेला आढळला, आणि चौकशीची दिशा त्या एका आकड्याने बदलली. लाइन दोन गावांत नेमकी त्याच ठिकाणी अडकत नाही.

मुळापर्यंतचा तपास

प्रत्येक फेज मोजण्यासाठी बोर्डावर तीन ३३० किलोओहमचे रेझिस्टर एकापाठोपाठ आणि त्यांच्या खाली ४.७ किलोओहमचा एक, असा व्होल्टेज लहान करणारा विभाजक आहे. वरचे तीन वेगवेगळे ठेवण्यामागे कारण आहे : १२०६ मापाच्या साध्या रेझिस्टरला साधारणपणे २०० व्होल्टपर्यंतच कामाची परवानगी असते, तर २४० व्होल्टच्या फेजचे शिखर ३३९ व्होल्टपर्यंत जाते. खालच्या रेझिस्टरवर येणारे शिखर मायक्रोकंट्रोलर मोजतो आणि त्याची मोजण्याची कमाल मर्यादा ३.३ व्होल्ट आहे. रचना बरोबर असेल तर २४० व्होल्टला सुमारे १.६ व्होल्ट मिळतात, म्हणजे वर भरपूर जागा उरते.

बिघडलेल्या बोर्डावर वाय फेजच्या विभाजकात ४.७ऐवजी १० किलोओहमचा रेझिस्टर बसलेला होता. असे झाल्यास फेजचे शिखर ३३० व्होल्टला पोचताच मायक्रोकंट्रोलरची मर्यादा संपते. ३३० शिखर म्हणजे २३३ व्होल्ट, हाच तो अडकलेला आकडा.

मग चाचणीत हे का सापडले नाही? कारखान्यात प्रत्येक बोर्डाला २२० व्होल्ट देऊन तिन्ही फेजचे मोजमाप जुळवले जाई आणि जुळवणीचा गुणक मेमरीत साठवला जाई. २२० व्होल्टला चुकीच्या रेझिस्टरवर ३.११ व्होल्ट येतात, म्हणजे मर्यादेच्या आत. गुणक निम्म्याहून कमी झाला, मोजमाप जुळले आणि बोर्ड पास झाला. जुळवणी करणाऱ्या प्रोग्रॅमने गुणक वाजवी आहे की नाही हे तपासले असते तर पहिल्याच बोर्डाला हे उघड झाले असते. लेआउटच्या चर्चेत हा मुद्दा पुढे काहीसा मागे पडला. माझ्या मते तो तितकाच महत्त्वाचा होता.

चुकीचा रेझिस्टर नाशिकला बसवणाऱ्यांनी बसवला असे प्रथम वाटले. त्यांनी ताईंच्याच बॉममधील, म्हणजे पार्टांच्या यादीतील, ओळ दाखवली : आर२२, १० किलोओहम, माप ०८०५. यंत्राने आर२२च्या जागी नेमके तेच ठेवले होते.

गुंता येथे उकलला. लेआउट जवळपास संपत आला असताना ताईंनी सर्किटमधील पार्टांचे क्रमांक पुन्हा लावून घेतले होते. फोर-जीसाठी वाढवलेले रेझिस्टर मधे आल्यामुळे आधीचे क्रमांक विस्कळीत दिसत होते आणि बॉम सलग क्रमाने असावी हा त्यांचा हेतू होता. जोडण्यांमध्ये एकही बदल नसल्याने नवी नेटलिस्ट पाठवली गेली नाही. "अण्णा, फक्त नंबर बदललेत," असे फोनवर सांगितले गेले आणि अण्णांनी त्याचा अर्थ आपल्याला काही करायचे नाही असा घेतला. बोर्डावर वाय फेजच्या विभाजकाचे नाव आर२२ राहिले, नव्या सर्किटमध्ये ते आर२३ झाले आणि आर२२ हे नाव सिग्नल वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणाऱ्या एका पुल-अप रेझिस्टरला मिळाले. बॉम नव्या क्रमांकांची, बोर्ड जुन्या क्रमांकांचा. पुल-अपच्या जागी ४.७ किलोओहम बसल्याने काहीच बिघडले नाही, म्हणून तिकडे कोणाचे लक्ष जाण्याचे कारणही नव्हते. दोन्ही रेझिस्टर एकाच मापाचे असल्याने यंत्रही अडले नाही.

यापूर्वीचे एक प्रकरणही आता सगळ्यांना आठवले. ठिबकच्या यंत्रात व्हॉल्व्ह चालवण्यासाठी यूएलएन २००३ ही सात वाहिन्यांची चिप आहे. ट्रॅक एकमेकांना ओलांडू नयेत म्हणून अण्णांनी त्यातील दोन वाहिन्यांची अदलाबदल केली होती, जी लेआउटच्या दृष्टीने योग्यच होती. सर्किटमध्ये ती अदलाबदल नोंदली गेली, पण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मुलापर्यंत पोचली नाही. दोन नंबरच्या पाळीला तीन नंबरचा प्लॉट भिजू लागला. तेव्हा तो निष्काळजीपणा समजून विषय संपवला गेला होता.

विचारात घेतलेले पर्याय

मालकांचा पहिला प्रस्ताव तपासणीची यादी करण्याचा होता : प्रत्येक बोर्डाच्या वेळी दोघांनी सही करायची. खर्च शून्य असलेला हा पर्याय आकर्षक होता. परंतु आधीही तोंडी यादी होतीच आणि ती घाईच्या वेळी गळत असे. घाईच्या वेळीच तिची गरज असते.

दुसरा पर्याय पैसे देऊन एकात्मिक सॉफ्टवेअर घेण्याचा. दोघांसाठी वार्षिक परवाने परवडणारे नव्हते, आणि अण्णा कारखान्याचे नोकर नसल्याने त्यांच्या संगणकावरच्या परवान्याचा प्रश्नही होता.

तिसरा पर्याय एका नातेवाइकाने सुचवला : लेआउटच आपोआप करून घ्यावा. ऑटोराउटर नावाचा प्रोग्रॅम जोडण्यांवरून ट्रॅक स्वतः ओढतो आणि त्यातले काही मोफतही मिळतात. जुन्या टू-जी बोर्डावर तो चालवून पाहिला गेला. सर्व जोडण्या पूर्ण झाल्या, पण मोबाइल मॉड्यूलला वीज देणारा ट्रॅक बारीक आणि लांबचा वळसा घेऊन गेला. टू-जी मॉड्यूल प्रसारण करताना सुमारे दोन अँपिअरचा झटका घेते, दर ४.६१५ मिलिसेकंदांनी ५७७ मायक्रोसेकंदांपुरता. अशा ट्रॅकवर व्होल्टेज खाली बसते आणि मॉड्यूल पुन्हा पुन्हा बंद होऊन चालू होते. अण्णांनी एका नजरेत हे दाखवले. नेटलिस्टमध्ये हा ट्रॅक जाड हवा, कपॅसिटर मॉड्यूलला चिकटून हवा, असे कुठेही लिहिलेले नसते, मग प्रोग्रॅमला ते कळावे कसे, हा त्यांचा प्रश्न होता.

त्या प्रश्नाने चर्चेला नेमके वळण दिले. ऑटोराउटर बाजूला पडला, पण ताईंच्या डोक्यात असलेले आणि नेटलिस्टमध्ये न उतरणारे जे काही आहे ते फोनवरून न जाता फाइलमधूनच गेले पाहिजे, हे दोघांनाही मान्य झाले. ट्रॅक ओढण्याच्या कामात वेळ जात होता हे खरे. चुका मात्र त्या कामात होत नव्हत्या. त्या होत होत्या एका हातातून दुसऱ्या हातात काम जाताना.

चौथा पर्याय होता रूपांतराची स्क्रिप्ट सुधारण्याचा. क्रमांकांऐवजी पार्टांची कायमची अंतर्गत ओळख वापरून दोन्ही फाइल जुळवता आल्या असत्या. पुतण्याची तयारीही होती. परंतु ईगलची मालकी असलेल्या ऑटोडेस्कने २०२३मध्येच जाहीर केले होते की ७ जून २०२६नंतर या सॉफ्टवेअरला आधार मिळणार नाही. मावळत्या सॉफ्टवेअरसाठी नवा पूल बांधण्यात अर्थ नव्हता.

उरला तो पाचवा पर्याय : दोघांनीही किकॅडवर यावे, सर्किट आणि लेआउट एकाच प्रकल्पात ठेवावे आणि कारखान्याबाहेर जाणारी प्रत्येक फाइल स्क्रिप्टने तयार व्हावी. मालकांना फुकटच्या सॉफ्टवेअरच्या आयुष्याबद्दल शंका होती. किकॅडची सुरुवात १९९२मध्ये फ्रान्समधील ग्रेनोब्ल येथे झाली आणि २०१३पासून सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने त्याच्या विकासात भाग घेतला आहे, हे कळल्यावर ती शंका बरीच कमी झाली. तांत्रिक कारण अधिक ठोस होते. फेब्रुवारी २०२३मधील सातव्या आवृत्तीत किकॅडला आज्ञा देऊन चालवण्याची सोय आली आणि फेब्रुवारी २०२४मधील आठव्या आवृत्तीत सर्किटची व बोर्डाची नियम-तपासणीही त्याच मार्गाने करता येऊ लागली.

खरा निर्णय अण्णांचा होता. इतक्या वर्षांची हाताची सवय मोडून नवीन सॉफ्टवेअर शिकायचे, तेही ऑटोराउटरची चर्चा नुकतीच ऐकल्यावर, हे सोपे नव्हते. त्यांनी एकच अट घातली : ताईंनी जोडण्यांना नावे द्यावीत. सॉफ्टवेअरने आपोआप दिलेली क्रमांकवजा नावे पाहून कोणता ट्रॅक काय वाहतो हे कळत नाही. ही अट सर्वांत स्वस्त होती, आणि माझ्या अंदाजाने पुढील सर्व व्यवस्थेतील सर्वांत उपयोगी भाग तीच ठरली.

काय केले

प्रथम सर्व फाइल गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवल्या गेल्या. व्हॉट्सअॅपवर फाइल पाठवणे बंद झाले. बदल कोणी, कधी आणि का केला याची नोंद प्रत्येक वेळी राहू लागली. जुने चालू बोर्ड किकॅडमध्ये आयात करून घेतले, पण आयात केलेल्या प्रत्येक बोर्डाची गर्बर फाइल (बोर्ड बनवणाऱ्याला दिली जाणारी थरांची चित्रे) जुन्या गर्बरवर ठेवून थरागणिक ताडून पाहिली गेली. हे कंटाळवाणे काम अण्णांनीच केले आणि त्यात नवे सॉफ्टवेअर त्यांच्या हातात बसले.

त्यानंतर पार्टांची लायब्ररी. आधी सर्किटमधील चिन्ह वेगळे निवडले जाई आणि बोर्डावरचा फूटप्रिंट, म्हणजे पार्ट बसण्याच्या जागेचा नकाशा, वेगळा. ही फट किती धोक्याची आहे ते रिले चालवणाऱ्या एका ट्रान्झिस्टरवरून समजते. टीओ-९२ आकारातील बीसी ५४७ची पहिली पिन कलेक्टर, दुसरी बेस आणि तिसरी एमिटर असते. त्याचाच पृष्ठभागावर बसणारा भाऊ बीसी ८४७ एसओटी-२३ आकारात येतो आणि त्यात पहिली बेस, दुसरी एमिटर, तिसरी कलेक्टर. जुने चिन्ह ठेवून नुसता फूटप्रिंट बदलला तर सर्किटची तपासणी पास होते, बोर्डाची तपासणीही पास होते आणि रिले मात्र चालत नाही. म्हणून चिन्ह, फूटप्रिंट, उत्पादकाचा पार्ट क्रमांक आणि कपॅसिटरच्या बाबतीत तापमानाची मर्यादा अशी सगळी माहिती एकाच नोंदीत बांधली गेली. नोंद एकदा डेटाशीटशी ताडून झाली की ती कुलूपबंद.

तिसरे काम नियम लिहून काढण्याचे. सर्किटमध्येच जोडण्यांचे वर्ग पाडले : मेन्स (लाइनची वीज), रिले, मॉड्यूलची वीज आणि बाकी सिग्नल. मेन्स आणि कमी व्होल्टेजचा भाग यांच्यात सहा मिलिमीटर अंतर हवे, हा नियम आता बोर्डाच्या नियमफाइलमध्ये आहे. आयपीसी-२२२१ या मानकानुसार लेप नसलेल्या बाहेरच्या थरावर ३०१ ते ५०० व्होल्टसाठी २.५ मिलिमीटर अंतर सांगितले आहे. परंतु शेतातील पेटीत धूळ, दमट हवा, मुंग्या आणि पाली यांचा राबता असतो, म्हणून कारखान्याने स्वतःचा नियम कडक ठेवला. यापूर्वी तो अण्णांना पाठ होता, इतकेच.

चौथा निर्णय सर्वाधिक चर्चेचा ठरला. लेआउट करताना पिना बदलायच्या असतील तर काय करावे? किकॅडमध्ये बोर्डावरून सर्किटकडे काही बदल उलटे नेण्याची सोय आहे. ताईंना ती हवी होती, कारण अण्णांचे काम थांबू नये असे त्यांना वाटत होते. शेवटी बदल एकाच दिशेने वाहतील असे ठरले : अण्णांना वाहिनी बदलायची असेल तर त्यांनी स्वतः सर्किट उघडावे, तिथे बदल करावा आणि मग बोर्ड सर्किटवरून अद्ययावत करावा. लेआउटवाल्याने सर्किटला हात लावायचा ही कल्पना दोघांनाही सुरुवातीला पटली नव्हती. त्याच्या जोडीला, नेटलिस्टमधून मायक्रोकंट्रोलरची कोणती पिन कोणत्या जोडणीला गेली याची यादी काढून सॉफ्टवेअरसाठीची फाइल आपोआप तयार करणारी स्क्रिप्ट लिहिली गेली. वाहिनी बदलली की ती फाइल बदलते आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला वेगळे कळवावे लागत नाही. पार्टांचे क्रमांक मात्र पहिला लेआउट सुरू झाल्यावर गोठवायचे. नवा पार्ट आला तर त्याला पुढचा रिकामा क्रमांक.

सर्वांत शेवटी बाहेर जाणाऱ्या फाइलींचे दार. एक स्क्रिप्ट सर्किटची तपासणी करते, मग बोर्डाची, आणि बोर्ड सर्किटशी जुळतो का तेही पाहते. सर्व पास झाले तरच गर्बर, ड्रिल, पार्टांच्या जागांची फाइल, बॉम आणि सर्किटची पीडीएफ एकत्र एका झिपमध्ये तयार होतात आणि त्या झिपच्या नावात तसेच बोर्डावरच्या छपाईत एकच आवृत्ती क्रमांक येतो. पुण्याला आणि नाशिकला या झिपखेरीज काहीही पाठवायचे नाही. स्टोअरमधील माणसालाही बॉम येथूनच मिळते.

व्यवस्था वापरात आणण्याआधी जुना बिघाड मुद्दाम पुन्हा घडवला गेला : सर्किटचे क्रमांक बदलले, बोर्ड तसाच ठेवला आणि स्क्रिप्ट चालवली. झिप तयार झाली! अहवाल उघडून पाहिला तर त्यात आर२२, आर२३ आणि पुढच्या पार्टांच्या पॅडवरची जोडणी सर्किटशी जुळत नसल्याच्या ओळी रांगेने होत्या. तपासणीने दोष शोधले होते, पण स्क्रिप्टला थांबवले नव्हते. किकॅडची ही आज्ञा दोष सापडले तरी सर्व ठीक असल्याचा शून्य संकेतच परत करते. दोषांवर ५ हा संकेत हवा असेल तर तसा पर्याय आज्ञेत स्पष्ट द्यावा लागतो. तो दिल्यावर दार बंद झाले. ही चाचणी केली नसती तर कारखान्याला कायम उघड्या दारावर पहारेकरी बसवल्याचे समाधान मिळाले असते.

परिणाम

बिघडलेल्या खेपेतील बोर्ड परत मागवून एकेक रेझिस्टर हाताने बदलण्यात आला. तो खर्च मालकांनी सोसला, विक्रेत्यांवर टाकला नाही. फोर-जी कंट्रोलरच्या पुढच्या आवृत्त्या नव्या व्यवस्थेतून गेल्या आणि बॉम व बोर्ड न जुळण्याचा प्रकार त्यानंतर घडलेला नाही. जुळवणीच्या प्रोग्रॅममध्ये गुणकाची खालची-वरची मर्यादाही घातली गेली.

फोन कमी झाले नाहीत. ताई आणि अण्णा पूर्वीइतकेच बोलतात. विषय मात्र बदलले आहेत. कोणती फाइल खरी यावर आता बोलणे होत नाही, मॉड्यूलचा अँटेना पेटीच्या कोणत्या बाजूला असावा यावर होते.

अडचणी नाहीत असे नाही. पहिल्या काही महिन्यांत तपासणीचे इशारे इतके येत की ते "अपवाद" म्हणून गप्प करण्याची सवय लागली. एका बोर्डावर अपवादांची यादी इतकी लांबली की त्यात एक खरा दोष, रिलेच्या पॅडजवळचे कमी अंतर, लपून राहिला. तो अण्णांनी डोळ्यांनी पकडला. तेव्हापासून अपवाद ठेवायचा असल्यास त्याचे कारण एका फाइलमध्ये लिहावे लागते आणि स्क्रिप्ट अपवादांची संख्या त्या फाइलशी ताडते. कारण लिहिण्याचा कंटाळा येतो म्हणून लोक दोषच दुरुस्त करतात, असा अनुभव आहे.

एक गोष्ट मंदावली आहे. पूर्वी अण्णा रात्रीतून एखादी पिन बदलून सकाळी गर्बर देत. आता त्यांना सर्किटमध्ये बदल करून ताईंच्या संमतीची वाट पाहावी लागते, आणि ताई रजेवर असल्या की काम अडते. मालकांना हे अजून फारसे रुचलेले नाही.

वेगळे काय करता आले असते

चाचणीच्या बाकावरील बदल आधी करता आला असता. गुणकाची मर्यादा घालणे हे थोड्या ओळींचे काम होते आणि बोर्ड बाजारात जाण्यापूर्वीचा तो शेवटचा अडसर होता. लेआउटची व्यवस्था उभी राहीपर्यंत निघालेली एक लहान खेप केवळ नशिबाने बरी निघाली.

सर्व जुने बोर्ड एकदम आयात करण्याची गरज नव्हती. ज्या बोर्डांत पुढे बदल होणारच नव्हता त्यांच्यावर अण्णांचा बराच वेळ गेला. त्यांची जुनी गर्बर शिक्का मारून ठेवली असती तरी चालले असते.

स्क्रिप्ट एकट्या पुतण्याला कळते, हा धोका कायम आहे. फेब्रुवारी २०२५मधील किकॅडच्या नवव्या आवृत्तीत अशा कामांची साखळी सॉफ्टवेअरच्या आतच मांडण्याची सोय आली आहे. तिच्यावर जाण्याचा विचार चालू आहे, पण अपवादांची ताडणी आणि पिनांची फाइल या दोन गोष्टींसाठी स्वतःची स्क्रिप्ट ठेवावीच लागेल असे दिसते.

अदलाबदल एकाच दिशेने करण्याच्या नियमाबद्दल मतभेद आहेत. माझ्या मते तो नियम इतक्या लहान कारखान्यासाठी योग्य आहे. फक्त यूएलएन २००३सारख्या चिपच्या समान वाहिन्यांपुरती अण्णांना ताईंच्या संमतीशिवाय मुभा द्यावी, कारण त्या बदलाची खबर सॉफ्टवेअरपर्यंत आता स्क्रिप्टच पोचवते. मालकांनी हा प्रस्ताव पुढच्या ठिबक-बोर्डासाठी मान्य केला आहे.

बीसी ८४७सारख्या चुका मात्र या संपूर्ण साखळीतून आजही निसटू शकतात, कारण चिन्ह आणि फूटप्रिंट दोन्ही सारखेच चुकलेले असतील तर तुलना करायला काहीच उरत नाही. त्यासाठी नवा पार्ट लायब्ररीत घेताना अण्णा बोर्ड कागदावर खऱ्या मापात छापतात, स्टोअरमधून आलेला प्रत्यक्ष पार्ट त्यावर ठेवतात आणि ताई डेटाशीटमधील पिनांचे क्रमांक मोठ्याने वाचतात.